पूल होईपर्यंत

माझी आत्या निवडून आली ती तिची दाढ दुखत होती म्हणून. तिला राजकारणात यायचं नव्हतं, आणि तिने यावं असं आमच्या घरात कुणाच्या मनातही आलं नव्हतं. घरातलं राजकारण माझ्या वडिलांकडे होतं. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली तेव्हा दादांनी नवा सदरा शिवून घेतला, मिशी कोरून घेतली आणि बोलताना मध्येच थांबायची सवय लावून घेतली, कारण तालुक्याचे साहेब तसे थांबत. त्यांचा अर्ज काही कारणाने बाद झालाच तर घरातला दुसरा एखादा असावा म्हणून एक डमी अर्ज भरून ठेवायचा होता. आत्या दाढ काढायला तालुक्याला चाललीच होती. दादा तिला म्हणाले, "आक्का, चाललीच हायेस तर कचेरीत एक सही करून ये." आत्या गेली, दाढ काढली, गालात कापूस धरून कचेरीत सही केली आणि दिवस मावळायच्या होडीने परत आली. कशावर सही केली हे तिने कुणाला विचारलं नाही. तोंडात कापूस असल्यामुळे विचारता आलंही नसतं.

दुसरा दिवस अर्ज भरायचा शेवटचा. आमच्या वाडीला चारी बाजूंनी धरणाचं पाणी आणि काठाला जायला एकच लाकडी होडी. ती नामूकाका वल्हवायचे. दादा आपली माणसं घेऊन घाटावर आले आणि त्याच वेळी समोरच्या पार्टीचे विष्णूमामाही आपली माणसं घेऊन आले. दोघांनाही आधी जायचं होतं. नामूकाका म्हणाले, "दोघंबी बसा की, होडीला कुठं पार्टी हाय?" पण एका होडीतून गेले तर लोकांत काय संदेश जाईल, अशी दोघांनाही काळजी होती. मग दोरीला हात गेला, तिकडूनही गेला, ओढाओढ झाली, आणि कुणीतरी दुसऱ्याला शिकवण म्हणून दोरी सोडून दिली. होडी रिकामीच निघाली. नामूकाका घाटावर तंबाखू मळत बसले होते, ते मळतच राहिले. एकाने पोहत जाऊन होडी आणेपर्यंत वारा सुटला, आणि वाऱ्यात नामूकाका होडी घालत नसत, मग पलीकडे मंत्री उभा असो. अर्जाची वेळ टळली. आमच्या वाडीच्या जागेसाठी कचेरीत एकच अर्ज होता, तो गयाबाईचा. गयाबाई म्हणजे आत्या. ती बिनविरोध निवडून आली आणि गुलाल मात्र दादांनी आधीच आणून ठेवलेला असल्यामुळे तो तिच्यावर उधळावा लागला. तो दादांनीच उधळला. मी तेव्हा चौथी-पाचवीत असेन, पण त्यांचा तो चेहरा मला अजून दिसतो. देवळात चप्पल हरवलेला माणूस जसा अनवाणी घरी येतो, तसे ते गुलाल उधळत होते.

आमची वाडी मुळात बेट नव्हती. उंचवट्यावरची साधी वाडी होती, खाली नदीकाठची काळी रानं. धरण झालं तेव्हा रानं बुडाली, वाडी बुडाली नाही. बुडाली असती तर दुसरीकडे जमिनी मिळाल्या असत्या. वाचल्यामुळे काही मिळालं नाही. पाहणीला आलेले साहेब मे महिन्यात आले होते, तेव्हा पाणी पार मागे हटलेलं असतं, ते जीपने थेट मारुतीच्या पारापर्यंत आले आणि 'वस्तीस बारमाही रस्ता आहे' असं लिहून गेले. त्यामुळे श्रावणापासून पाण्यात असलो तरी सरकारदरबारी आम्ही जमिनीवरच होतो. आत्याचं आणखी वेगळं. तिचं सासर पाण्याखाली गेलं आणि माहेर पाण्यात उभं राहिलं. नवरा त्याच्या आधीच तापाने गेला होता. सासरची माणसं लांब कुठेतरी नव्या जमिनीवर गेली, त्यांनी तिला बोलावलं नाही आणि तिने वाट पाहिली नाही. एक ट्रंक आणि एक शेळी घेऊन ती दादांच्या दारात आली, ती कायमचीच.

मेंबर झाल्यावर घरात दादा तिच्याशी बोलायचे बंद झाले. भांडले नाहीत. घर तसंच चालू राहिलं, फक्त दोघांमधलं बोलणं आईच्या मार्फत होऊ लागलं. जेवायला बसलं की दादा ताटाकडे बघत म्हणायचे, "मेंबरला सांग, लाईटच्या खांबाचं काय झालं, लोक इचारत्यात." आत्या चुलीपाशी हातभर अंतरावर भाकरी थापत असायची. ती आईला म्हणायची, "बबनला सांग, खांब आलाय, तार यायचीय." आई दोघांकडे आळीपाळीने बघायची आणि दादांना आमटी वाढायची. आमच्याकडची आमटी म्हणजे शिपी आमटी, लालभडक, वर तेलाचा तवंग, खाणाऱ्याच्या कानातून वाफ निघावी अशी. मला वाटतं, आई त्या दिवसांत आमटी मुद्दाम जास्त तिखट करायची. तोंड भाजलं की माणसं गप्प जेवतात. आज मी नगरच्या केडगावात राहते, पुणे रोडला, आणि माझ्या सुनेला ती आमटी जमत नाही. ती माझ्या ब्लडप्रेशरचा विचार करते. चांगली मुलगी आहे.

त्या घराचे आवाज मला अजून ओळखता येतील. पहाटे पाण्यावरून बदकांचा गलका यायचा, मग काठावर कुठेतरी पाण्याची मोटार सुरू व्हायची, मग आत्याच्या जात्याची घरघर. गिरणी काठाला होती, पण आत्या हुलगे घरीच दळायची, तिचा काठावरच्या गिरणीवर विश्वास नव्हता. त्या पिठाची शेंगोळी व्हायची, लसणाच्या फोडणीत शिजलेली, आणि ती खाल्ली की हातापायांत ऊब यायची. संध्याकाळी वारा पडला की पाणी अगदी गप्प व्हायचं, आणि काठावरच्या गावातल्या लग्नाचा बँड आमच्या ओट्यावर स्वच्छ ऐकू यायचा. वाडीच्या निम्म्या लोकांना आवतण नसलेली लग्नं आम्ही अशीच ओट्यावर बसून लावली.

आता आत्याने मेंबर म्हणून काय केलं ते सांगायला हवं, कारण पुढे ज्यांनी तिच्यावर भाषणं केली त्यांना ते माहीत नव्हतं. पहिलं काम तिने केलं ते इंजिनाच्या बोटीचं. ग्रामपंचायत काठावरच्या गावाची आणि आमची मिळून एकच होती. त्यांचे मेंबर बरेच, आमची आत्या एकटी. ती प्रत्येक मीटिंगला बोट मागायची आणि ते प्रत्येक वेळी कागद दाखवायचे, की वस्तीस बारमाही रस्ता आहे. आत्या वाद घालत नसे. एका भाद्रपदात ती तालुक्याला गेली आणि गटविकास अधिकाऱ्यांना जेवायचं आवतण देऊन आली. साहेब भले माणूस होते, शेंगोळीचं नाव ऐकून आले. नामूकाकांनी त्यांना सकाळी होडीतून आणलं, तेव्हा पाणी आरशासारखं होतं. साहेब जेवले, वाडी पाहिली, पाण्याकडे बघत 'निसर्गरम्य' असं म्हणाले, आणि तेवढ्यात वारा सुटला.

"आता कसं?" साहेबांनी विचारलं.

"वारा पडला की जायाचं," आत्या म्हणाली.

"कधी पडतो?"

"पडतो की. कधी सांजच्याला, कधी चार रोजानं."

तो दुसऱ्या दिवशीही पडला नाही. साहेबांनी दादांचा लेंगा घातला, आमच्या ओट्यावर झोपले, सकाळी तांब्या घेऊन कुठे जायचं ते विचारलं. दुसऱ्या रात्री त्यांना अंमळ ताप आला तेव्हा ते आत्याला म्हणाले, "बाई, इथं कुणाला काही झालं तर?" आत्या काढा उकळत होती. ती म्हणाली, "होतं की. माझ्या भावजयीचं पयलं लेकरू असंच गेलं. वारा हुता." तिने ते भाकरी करपल्याचं सांगावं तसं सांगितलं. आई आत भांडी घासत होती, तिचा हात थांबला. मला थोरला भाऊ होता हे मला त्या रात्री कळलं. वारा पडल्यावर साहेब गेले, आणि पुढच्या पावसाळ्याच्या आत इंजिनाची लोखंडी बोट आली. आत्याला वाऱ्याचं आधीच कळलं होतं का, असं मी तिला जरा मोठी झाल्यावर विचारलं. ती म्हणाली, "भाद्रपदात वारा सुटतो, हे काय कुनी सांगाया पायजे?"

लोकांना बोट नको होती, पूल हवा होता. आत्याला पुलाचं वावडं नव्हतं, पण त्याची घाई नव्हती. निवडणूक आली की काठावर मंडप पडायचा, साहेब यायचे, कुदळ मारायचे, नारळ फुटायचा, पुलाचं भूमिपूजन व्हायचं. गटविकासवाले साहेब निराळे, हे तालुक्याचे पुढारी. आत्या प्रत्येक भूमिपूजनाला जायची, पुढच्या रांगेत बसायची, टाळ्या वाजवायची आणि फुटलेला नारळ पदरात बांधून घरी आणायची. मग आमच्याकडे ओल्या नारळाची चटणी व्हायची. आमच्या भागात नारळ महाग, एरवी कोण घरी आणतो. त्यामुळे लहानपणी मला पूल हा खायचा पदार्थ वाटायचा.

बोट आली तसे तिचे कायदे आले, आणि ते आत्याने केले. सकाळची पहिली फेरी शाळेच्या पोरांची. त्या फेरीत शेरडं नाहीत, दुधाचे कॅन नाहीत, तंबाखू थुंकणारा माणूस नाही. दादा एकदा खताची गोणी घेऊन पहिल्या फेरीला आले, तर आत्या नामूकाकांना म्हणाली, "त्या मानसाला सांगा, पुढची फेरी." दादा गोणीवर बसून राहिले, पुढची फेरी येईपर्यंत. डिझेलचा आणि नामूकाकांच्या पगाराचा ठराव दर वर्षी पंचायतीत मंजूर करून घ्यावा लागे. दर वर्षी कुणीतरी म्हणायचं की एवढ्याशा वाडीला बोट कशाला. आत्या म्हणायची, "खरंय. तुमी सगळे एकदा या जेवायला, मग ठरवू." जेवायला कुणी आलं नाही. ठराव दर वर्षी झाला, आणि पुढच्या निवडणुकीतही वाडीने आत्यालाच निवडून दिलं. त्या बोटीने मी हायस्कुलात गेले, आणि काठावरून एसटीने मिरजगावला, पुढे कॉलेजातही. वाडीतली मी पहिली मुलगी. इतर आया आपल्या मुलींना म्हणायच्या, शालनची गोष्ट वेगळी, तिची आत्या मेंबर हाय.

आत्या गेली तेव्हा मी बारावीला होते. थंडीचे दिवस होते. आधी खोकला होता, मग ताप, मग छातीत दुखायला लागलं. दादांनी तिला स्वतः उचलून बोटीत ठेवलं. काठावरून जीप केली, नगरला नेलं. तेव्हाचं नगर, आता अहिल्यानगर. माझ्या तोंडात अजून नगरच येतं, आणि रिक्षावाल्यालाही तेच कळतं. दवाखान्यात डॉक्टर नाव, गाव, वय विचारत होते. "काय काम करता?" त्यांनी विचारलं. आत्या म्हणाली, "मेंबर हाय." डॉक्टर म्हणाले, "कशाच्या?" आत्याने जरा विचार केला आणि म्हणाली, "बोटीची." डॉक्टरांनी शेतमजूर लिहिलं. दादा तिच्या पायाशी उभे होते. मध्ये बोलायला आई नव्हती, आई वाडीवर राहिली होती. ते कॉटच्या दांडीला धरून नुसते उभे राहिले. आत्याच त्यांच्याकडे बघून म्हणाली, "बबन, जेवला का?" दादांनी मान हलवली, हो म्हणून. ते जेवले नव्हते. पहाटे ती गेली.

तेरावा झाला आणि दोन गोष्टी एकदम घरात आल्या. पहिली नामूकाकांनी आणली. नवे सरपंच त्यांना म्हणाले होते की बोट मेंबरबाईंच्या शब्दावर चालली होती, आता पूल होणारच आहे, तर या महिन्यानंतर डिझेल मिळणार नाही. धरणातल्या मासेमारीचा ठेका घेतलेल्या माणसाला ती बोट हवी होती, हे नामूकाकांनी हळू आवाजात सांगितलं. दुसरी गोष्ट राहात्याची. तिकडचं एक स्थळ दादांना कुणीतरी सुचवलं होतं. कालव्याचं पाणी, पेरूची बाग, एकुलता मुलगा. दादा वाईट माणूस नव्हते. ते मला समोर बसवून म्हणाले, "शाले, बोट बंद झाल्यावर कालिजला कशी जानार? पोहत?" मग म्हणाले, "पेरूची बाग हाय. बारमाही पानी हाय." आमच्याही चारी बाजूंनी पाणीच होतं, पण हे बोलायची ती वेळ नव्हती. मी आत जाऊन आत्याच्या ट्रंकेवर बसले. रडावं असं वाटत होतं, पण आई हुलगे निवडत होती, म्हणून मीही सूप घेतलं.

मग काठावर शोकसभा ठरली. साहेब स्वतः येणार होते, कारण पुढे निवडणूक होती. 'बेटाची रणरागिणी' असा बोर्ड लागला. आत्याचा फोटो कुठेच नव्हता, शेवटी एका भूमिपूजनाच्या ग्रुपफोटोतून तिचा चेहरा कापून मोठा केला. त्यात तिच्या खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी कोपर राहिला होता, त्याला झेंडूचा हार लपवत होता. घरातल्या कुणीतरी शेवटी आभार मानायचे होते. दादांनी तयारी केली होती, कागदही लिहिला होता, पण आदल्या दिवशी त्यांचा आवाज बसला. थंडीने बसला असं ते म्हणाले. त्यांनी कागद माझ्या हातात दिला. "वाच नुसतं," म्हणाले. "जास्त बोलू नको."

सभेला वाडीची सगळी माणसं बोटीच्या फेऱ्या करून आली होती. बायका एका बाजूला सतरंजीवर बसल्या. पहिल्या वक्त्याने आत्याला गंगाबाई म्हटलं. दुसऱ्याने दुरुस्ती म्हणून गयाबाई म्हटलं आणि तिच्या वक्तृत्वाचा गौरव केला, म्हणाला की त्यांच्या भाषणाने सभागृह दणाणून जाई. आत्या मीटिंगमध्ये एका वेळी दोन वाक्यांच्या वर कधी बोलली नव्हती. तिसरे सरपंच. ते म्हणाले, त्या माझ्या थोरल्या बहिणीसारख्या होत्या. मला वाटतं, त्या वेळी दादांनी मान खाली घातली. मग साहेब उठले. साहेब चांगलं बोलायचे, मध्येच थांबायचे. ते म्हणाले की बेटाला जोडणारा पूल येत्या दोन वर्षांत पूर्ण होईल, आणि त्याला नाव देण्यात येईल... इथे ते थांबले... "कैलासवासी गयाबाई सेतू!" टाळ्या पडल्या. आमच्या बायकांनीही वाजवल्या. फुकट मिळणाऱ्या गोष्टीला टाळी वाजवायला कुणाची हरकत नसते.

मग माझं नाव पुकारलं. मी माईकपाशी गेले आणि कागद उलगडला. त्याचा फडफडाट माईकमधून ऐकू आला. मी दादांचा मजकूर वाचायला लागले. साहेबांचे आभार, सरपंचांचे आभार, मंडपवाल्यांचे आभार. वाचता वाचता सतरंजीवरच्या बायका दिसल्या. त्यांच्यात आमच्या शेजारची सातवीतली मंदा होती, तिची शाळा त्याच महिन्यात बंद करणार होते. कागदावरचा मजकूर संपला होता. खाली उतरायचं होतं. आणि मी म्हणाले, "पूल होईपर्यंत आत्याची बोट चालूच ठेवायची, डिझेल पंचायतीनंच द्यायचं, असं साहेबांनी ठरवलंय. त्याबद्दल आमी बेटावरचे सगळे साहेबांचे लई आभारी हाय."

शाळेच्या भाषेत बोलायचं ठरवलेलं, पण घरची भाषा तोंडातून निघून गेली, ते मला बोलून झाल्यावर कळलं. साहेबांनी सरपंचांकडे पाहिलं. सरपंचांनी फोटोकडे पाहिलं. मासेमारीच्या ठेक्याचा माणूस पुढच्या रांगेत होता, तो बूट बघत होता. कुणी काही बोलणार एवढ्यात सतरंजीवरून टाळी आली. ती माझ्या आईची होती. माझी आई कधी सभेला गेली नव्हती, टाळी कधी वाजवायची हे तिला माहीत नव्हतं, पण ती वाजवत राहिली, आणि मग सगळ्या बायकांनी वाजवली, मग नामूकाकांनी, मग विष्णूमामांच्या पार्टीनेही. साहेब मुरलेले होते. ते हसले, माईक स्वतःकडे ओढला आणि म्हणाले, "अर्थातच! पूल होईपर्यंत." आणि या वेळी ते मध्ये थांबले नाहीत.

परत येताना दादा बोटीच्या पुढच्या टोकाला पाठ करून बसले होते. आई माझ्या कानात म्हणाली, "त्यांचा आवाज थंडीनं न्हाई बसला. परवा रात्रभर वळचणीला जाऊन रडत हुते." पाण्यावर ऊन उतरत होतं. वाडी जवळ आल्यावर दादा वळले आणि एवढंच म्हणाले, "आक्काला असं थेट बोलायला जमलं नसतं." नामूकाका इंजिन बंद करत म्हणाले, "तिला गरज पडली न्हाई." दादांनी त्यावर मान डोलावली. त्यांच्या तोंडून आक्का हा शब्द मी कितीतरी वर्षांनी ऐकला.

राहात्याचं स्थळ आपोआप सुटलं. ज्याने सुचवलं होतं तो सभेला होता, त्याने तिकडे सांगितलं की मुलगी माईकवर बोलते. त्यांचा निरोप आला की आम्हाला साधी मुलगी हवी. दादा म्हणाले, "बरोबर हाय त्यांचं," आणि चहा प्यायले. आत्याच्या जागेची पोटनिवडणूक लागली तेव्हा माझं वय बसत नव्हतं. दादाच उभे राहिले, निवडून आले. पुढे बरीच वर्षं ते डिझेलचा ठराव मंजूर करून आणत राहिले. बारावीनंतर मी नर्सिंगला गेले, नोकरीत जिल्हाभर फिरले, आणि वाऱ्याने अडलेल्या बायका तपासायला त्याच पाण्यावरून कितीदा तरी गेले. पुलाबद्दल लोक अजून विचारतात. त्याचे काही खांब उभे आहेत, त्यांवर पाणकावळे पंख वाळवत बसतात. मध्यंतरी कुणीतरी त्याचं नाव बदलायची मागणी केल्याचं पेपरात वाचलं. मी हरकत घेतली नाही. साहेबही आता नाहीत. त्यांच्या शोकसभेला मी गेले होते. त्यांच्यावरही पुष्कळ बोलले लोक, पण त्यांनी बोट चालू ठेवली हे कुणी सांगितलं नाही. मला माईक मिळाला असता तर मी सांगितलं असतं.

पण सांगायची आहे ती सभेनंतरची सकाळ. मी दप्तर घेऊन पहिल्या फेरीला घाटावर गेले. धुकं होतं. आणि घाटावर गर्दी होती. मंदाला तिच्या आईने आणलं होतं, तेल लावून, दोन वेण्या घालून. विष्णूमामांची नात आली होती, जिला त्यांनी घरीच ठेवायचं ठरवलं होतं. आणखीही मुली होत्या, काहींच्या पायात चपला नव्हत्या, एकीने धाकट्या भावालाही आणलं होतं. कुणी त्यांना बोलावलं नव्हतं. बोट भरली. दादा काठाला चालले होते, पंचायतीत डिझेलचं कागदावर करून घ्यायला, साहेबांचा शब्द ताजा असतानाच. ते नामूकाकांजवळ बसले होते. मागून एक मुलगी धावत आली आणि नामूकाका म्हणाले, "जागा न्हाई आता. पुढच्या फेरीला ये."

मुलगी घाटावर थांबली. दादा उठले. त्यांनी धोतराचा सोगा वर खोचला, हातातली पिशवी मंदाच्या मांडीवर ठेवली आणि बोटीतून गुडघाभर थंडगार पाण्यात उतरले. त्या मुलीला काखेत धरून त्यांनी आपल्या जागेवर बसवलं. मग बोटीला दोन्ही हात लावले, खांदा टेकवला आणि आम्हाला पाण्यात लोटलं.